सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही, त्याची संमती कोण घेणार?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



रत्नागिरी जिल्ह्याला प्रकल्प नवे नाहीत. गुहागरला एन्रॉन आले, माडबनला अणुवीज प्रकल्प आखला गेला, नाणारला आणि मग बारसू-सोलगावला तेलशुद्धीकरण कारखाना येणार म्हणून सांगितले गेले. गावाला विचारायला साहेब आले तेव्हा नकाशावर रेघ ओढून झालेली होती.

विकास हवा की नको, हा आजचा विषय नाही. रस्ता नको, पोरांना काम नको म्हणणारा माणूस मला तरी या जिल्ह्यात भेटलेला नाही. विषय आहे तो विचारण्याचा.

इंग्रजांचा १८९४ चा भूसंपादन कायदा जाऊन २०१३ चा कायदा आला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के कुटुंबांची संमती, सरकार आणि कंपनीच्या भागीदारीत ७० टक्के. सरकार स्वतःसाठी घेणार असेल तर संमतीची गरजच नाही! एमआयडीसीच्या १९६१ च्या कायद्यातही ही अट नाही. नाणारची २०१७ ची अधिसूचना याच कायद्याखाली निघाली. २०१९ मध्ये ती मागे घ्यावी लागली, ती लोक रस्त्यावर आले आणि निवडणूक तोंडावर होती म्हणून. कायद्याने वाचवले असे कोणी समजू नये.

आता त्या ८० टक्क्यांची गणती पाहा. ज्याची जमीन किंवा घर जाते, ज्याला सरकारने जमीन दिलेली आहे, तेवढीच कुटुंबे यात मोजली जातात. पिढ्यान् पिढ्या कसणारे पण नोंद न झालेले कूळ मोजले जात नाही. सड्यावर गुरे चारणारा गवळी-धनगर, मजुरीवर जगणारा कातकरी, साखरी नाट्याचा मच्छीमार, यांपैकी कोणीही नाही. मच्छीमाराचे शेत म्हणजे खाडी आणि समुद्र; त्याचा सातबारा कोणत्या तलाठ्याकडे मिळतो? उलट एकेका सातबाऱ्यावर चाळीस-चाळीस नावे, त्यांतली निम्मी परळ-नालासोपाऱ्याला. चाकरमान्याचा हक्क खराच आहे, पण धूर खायला तो इथे नसतो.

आदिवासींनी हा प्रश्न आपल्याआधी लढवला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला मान मिळाला. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय ग्रामसभांवर सोपवला, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटले. खाण झाली नाही. आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून पेसा आपल्याला लागू नाही. पण २००६ चा वनहक्क कायदा इथल्या कातकऱ्यांनाही आहे, हे किती तहसील कचेऱ्यांना आठवते?

संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा केला. भारताने बाजूने मत दिले. त्यात संमती म्हणजे काय ते आहे: दडपण न आणता, काम सुरू होण्याआधी, सगळी माहिती देऊन घेतलेली. आपल्याकडे काय घडले? माडबनला २०१० मध्ये पर्यावरणाची जनसुनावणी झाली, तेव्हा अहवाल मराठीत वेळेवर मिळाला नाही ही गावांची तक्रार होती. १८ एप्रिल २०११ रोजी नाट्याला गोळीबारात एक मच्छीमार गेला. बारसूला एप्रिल २०२३ मध्ये जमावबंदी लावून, पोलिसांच्या गराड्यात मातीपरीक्षण झाले. त्याच सड्यावरची कातळशिल्पे आदल्या वर्षी युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली होती, आणि सरकारी कागदावर मात्र सडा म्हणजे पडीक.

जनसुनावणी म्हणजे संमती नव्हे. तिथे साहेब ऐकून घेतात, लिहून घेतात आणि निघून जातात.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत ठराव करा. गणपूर्ती पाहा: १५ टक्के मतदार किंवा १००, जी संख्या कमी असेल ती. मतदार यादीत नाव असलेला कातकरी, कूळ, मच्छीमार, सगळ्यांना बोलवा, बायांना पुढे बसवा. ठरावात लिहा की अहवालाची मराठी प्रत हातात पडल्याशिवाय आणि भूमिहीनांना विचारल्याशिवाय मोजणी होऊ नये. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन घरात ठेवा. ग्रामपंचायतीच्या कपाटावर विसंबू नका.