परदेशी जाताना गाव बरोबर न्यावे

पिरंगुटहून मुठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुळशी तालुक्यात, उरवडे हे गाव लागते. माझे शिक्षण आणि नोकरी पुण्यात झाली, पण आजोळ उरवड्याचे. शिक्षकांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासभेटीसाठी मला डेन्मार्कला जाण्याची संधी मिळाली. परत आलो तेव्हा मामा म्हणाले, "अरे, एवढा सातासमुद्रापार जाऊन आलास, आता आमच्या पोरांना चार शब्द सांग की." मी आनंदाने गेलो. छायाचित्रे दाखवली, वर्णन केले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, तिथल्या लोकांनी आपल्याबद्दल काय विचारलं?"

तिच्या या प्रश्नानं माझी पंचाईत झाली. का झाली, तेच आज सांगायचे आहे.

आधी तिकडची हकीगत थोडक्यात सांगतो. डेन्मार्क हा लहानसा, शेतकऱ्यांचा म्हणून नावारूपाला आलेला देश. तेथे ग्रुंटविग नावाच्या धर्मगुरूंनी प्रौढ तरुणांसाठी 'लोकशाळा' काढाव्यात असा विचार मांडला आणि १८४४ साली रोडिंग येथे पहिली लोकशाळा निघाली. शेतकऱ्यांची तरुण मुले हिवाळ्यात, शेतीची कामे नसताना, तेथे येऊन राहत. परीक्षा नाही, गुण नाहीत, पदवी नाही. इतिहास, भाषा, गाणी आणि मोकळी चर्चा, एवढाच अभ्यासक्रम! अशा शाळा आजही चालू आहेत आणि आजही त्यांत परीक्षा नाही. दिवसाची सुरुवात सगळे मिळून गाणे म्हणून होते, हे मी स्वतः पाहिले.

पुढे अमेरिका आणि रशियाचे स्वस्त धान्य युरोपात येऊ लागले. धान्याचे भाव कोसळले, तेव्हा हा शेतकरी रडत बसला नाही, तो दुधाकडे वळला. १८८२ साली पश्चिम जटलंडातील येडिंग गावी शेतकऱ्यांनी आपली पहिली सहकारी दूध डेअरी काढली. एकत्र बसून बोलायची, दुसऱ्याचे ऐकून घ्यायची सवय लोकशाळांनी लावली होती, ती अशी कामाला आली असे तिकडचे लोक मानतात. आपल्याकडच्या दूध संघाच्या सभासदाला हे सारे ओळखीचे वाटेल.

हे सर्व मी वहीत उतरवून घेत होतो. एके संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एक वयस्क बाई शेजारी बसल्या. जन्मभर शेती केलेल्या आणि शिकवलेल्या. त्यांनी विचारले, "तुमच्या गावातली मुलगी शाळेला जायला घरातून किती वाजता निघते? आणि शेतात कामाची घाई असली, की शाळेचं काय होतं?"

मी भारतातील साक्षरतेचे आकडे सांगू लागलो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "हे मी वाचलं आहे. तुमच्या गावचं सांगा."

श्रोतेहो, मला सांगता आले नाही. उरवड्याला मी लहानपणी प्रत्येक सुटीत जात होतो. भाताची खाचरे, डोक्यावर इरले घेऊन वाकलेल्या बायका, लावणीतला चिखल, सारे डोळ्यांपुढे होते. पण गावातली मुलगी किती वाजता निघते, हे मी कधी कोणाला विचारलेच नव्हते. परदेशी मी परीक्षक म्हणून गेलो होतो. तेथे माझीच परीक्षा झाली, आणि ती माझ्या आजोळाच्या विषयात!

ही भेट झाली तेथून हेल्सिंगोर हे गाव फार दूर नव्हते. हॅम्लेट नाटकामुळे 'एल्सिनोर' या नावाने ते आपल्याला माहीत आहे. तेथे १९२९ साली शिक्षणतज्ज्ञांची एक जागतिक परिषद भरली होती आणि तिला पुण्याचा एक एकाहत्तर वर्षांचा वृद्ध हजर होता. ते म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. उरवड्याहून पुण्याला जाताना भूगाव, चांदणी चौक ओलांडून कोथरूड लागते. त्याला लागूनच हिंगणे, आजचे कर्वेनगर. अण्णांचा आश्रम तेथला.

अण्णा त्या प्रवासात इंग्लंड, जिनिव्हा, डेन्मार्क, जर्मनी, अमेरिका आणि जपान असे फिरले. बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांना भेटले. पण ते केवळ पाहायला गेले नव्हते. जिनिव्हाच्या परिषदेत त्यांनी भाषण केले ते भारतातील स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या प्रयोगावर, म्हणजे स्वतःच्याच कामावर. हिंगण्याची एकेक मुलगी त्यांना ठाऊक होती. त्यामुळे कोणी काहीही विचारले तरी त्यांच्यापाशी उत्तर होते. अण्णांनी हिंगणे बरोबर नेले होते.

आणखी एक गंमत सांगतो. नारुसे नावाचे एक जपानी गृहस्थ अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी १९०१ साली तोक्योत स्त्रियांचे विद्यापीठ काढले. त्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका टपालाने अण्णांच्या हाती पडली. १९१६ साली त्यांनी आपले महिला विद्यापीठ स्थापन केले, त्यामागे त्या पुस्तिकेची प्रेरणा होती. तोक्यो त्यांनी प्रत्यक्ष पाहिले ते त्यानंतर चौदा वर्षांनी. म्हणजे आधी काम उभे राहिले, प्रवास मागाहून झाला! ज्याच्या मनात गरज पक्की असते, त्याला पोस्टाने आलेली चार पानेही पुरतात. गरजच ठाऊक नसेल, तर जग फिरूनही वही कोरीच राहते.

एवढे जग पाहिल्यावर अण्णांनी काय केले? १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ सुरू केले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती, तेथे शाळा काढण्यासाठी! स्वतःच्या तुटपुंज्या पेन्शनातून त्यांनी त्याला पैसे दिले.

आता त्या मुलीकडे वळतो. तिला मी खरे ते सांगितले. बाईंचा प्रश्न सांगितला आणि उत्तर देता आले नाही हेही सांगितले. ती म्हणाली, "मग सर, आम्हाला विचारून जायचं होतंत."

त्या दिवशी मी वही पुन्हा उघडली आणि पोरांनाच विचारले. कोणी सहाला उठते, कोणी पाणी भरून येते. गावातल्या एका शिक्षिका म्हणाल्या, "लावणीच्या दिवसांत हजेरी आता पूर्वीसारखी उतरत नाही, कारण लावणीच कमी झाली. हजेरी उतरते ती कारखान्यात कामाला आलेल्या कुटुंबानं खोली बदलली की. पोर एका दिवसात दिसेनासं होतं." माझ्या आठवणीतले उरवडे चाळीस वर्षांपूर्वीचे होते. परदेशात मी उत्तर दिले असते, तरी ते शिळे असते!

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे. आपल्यापैकी कोणाला अशी संधी मिळाली, तर सामान बांधण्याआधी आठ दिवस आपल्याच गावात अभ्यासभेट करा. मुलगी किती वाजता निघते, कोणत्या महिन्यात कोण गैरहजर असते, दूध कोठे जाते, कोणाची जमीन गेली आणि त्या घरातली मुले आता काय करतात, हे विचारा आणि दोन पाने लिहून घ्या. परदेशाची संधी नाही मिळाली, तरी शेजारच्या तालुक्यातल्या शाळेत ही दोन पाने घेऊन जा आणि त्यांची दोन पाने मागून आणा. तीही अभ्यासभेटच होय.

डेन्मार्कच्या त्या बाईंना मी पत्र पाठवले आहे. त्यात उरवड्याची दोन पाने आहेत. उत्तर उशिरा दिले, पण दिले.