थंडीत तेल किती वाहते?
(म्हसावद येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही निवृत्त शिक्षक, तेव्हा शिक्षणप्रसारावर बोलू, अशी आपली अपेक्षा असावी. त्या विषयाचे अधिकारी वक्ते येथे आहेत. आम्ही इंजिनातील तेलावर बोलणार आहोत. कारण त्याविषयीच्या अज्ञानाची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

आमच्या बालपणी मळ्यातील विहिरीवर डिझेल इंजिन होते. पौषात सातपुड्याकडून वारा सुटला की पहाटे त्याचे हॅण्डल फिरता फिरत नसे. एके वर्षी काकांनी काटकसर म्हणून गिअरबॉक्सचे उरलेले दाट तेल इंजिनात ओतले. दाट ते चांगले, अशी सर्वांचीच समजूत! पहाटे हवेच्या तोंडाशी पेटती चिंधी धरून इंजिन चालू केले. तळातील तेल मात्र काकवीसारखे बसून राहिले व बेअरिंग जळाले. गव्हाची पाण्याची पाळी चुकली, आणि थोरल्या ताईंचे लग्न वर्षभर लांबले. काकांनी तो दोष जन्मभर स्वतःकडे घेतला.

खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली थिजते, हे भगिनीवर्गास सांगावयास नको. खनिज तेलातही मेणाचा अंश असतो. थंडीत त्याचे स्फटिक बनून तेल अडते. प्रयोगशाळेत नळीतील तेल थंड करीत दर ३ अंशांनी नळी कलवून पाहतात. आडवी धरूनही ५ सेकंदांत तेल हलले नाही, की त्यात ३ अंश मिळवून त्याचा प्रवाहबिंदू ठरवितात.

एवढ्याने मात्र भागत नाही. १९८०-८१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील सू फॉल्स येथे, तत्कालीन कसोट्यांना उतरलेल्या तेलानेही इंजिने निकामी झाली. तेल सावकाश थंड होताना खिरीसारखे जमले व पंपास ओढता येईना. तेव्हापासून तेल ४५ तासांहून अधिक काळ हळूहळू थंड करतात. मग त्यातील दांड्यास दोरा गुंडाळून वजन टांगतात. विहिरीच्या रहाटाचीच ही युक्ती. वजन खाली येण्यास लागणाऱ्या वेळावरून दाटपणा कळतो.

डब्यावर १५डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा. १५ हा आकडा तापमान नव्हे, ती प्रत होय. आमचेही येथे बरीच वर्षे चुकले. या प्रतीच्या तेलाची कसोटी उणे २० व उणे २५ अंशांवर घेतात. पुढचा ४० हा आकडा १०० अंशांवरील दाटपणाची प्रत दाखवितो.

लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे डिझेल २०१९ साली निघाले. आपल्या म्हसावदास तेवढी थंडी नाही. तरीही ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घालावे, आणि माघाच्या पहाटे इंजिन चालू होताच त्यावर भार टाकू नये. पुस्तिका हरवली असल्यास मंडप उठल्यावर आम्हांस भेटावे. आम्ही दोन-तीन जमवून आणल्या आहेत.