खाडीपलीकडचे घर

(वाशी येथील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत निवृत्त भूगोल-शिक्षकाने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



वाचनालयाच्या चिटणिसांनी मला विषय दिला तो असा : 'नवी मुंबईत राहावे की राहू नये?' विषय वाचताच माझ्यातला शिक्षक प्रथम व्याकरणाकडे वळला. १९७९ साली मी गिरगावातील चाळीची खोली सोडून येथे राहावयास आलो तेव्हा आम्ही सारे 'नव्या मुंबईत' राहावयास गेलो असे म्हणत असू. 'नवी' हे तेव्हा विशेषण होते आणि विशेष्याबरोबर त्याचे रूप पालटत असे. आज कोणी तसे म्हणत नाही. 'नवी मुंबईत' असेच म्हणतात. विशेषण गोठले आणि त्याचे विशेषनाम झाले. शुद्धलेखनाच्या दृष्टीने मला हे आजही खटकते. परंतु गाव वसले, याचा याहून पक्का पुरावा मला ठाऊक नाही.

या विषयावर मी तटस्थपणे बोलू शकेन अशी अपेक्षा कोणी बाळगू नये. आमची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. संमतीपत्रावर सही करावी, की घर विकून पुण्याला मुलाकडे जावे, हा प्रश्न गेले सहा महिने आमच्या घरात चहाबरोबर चर्चेला येतो. त्यात विरोधी पक्ष माझ्या पत्नीचा आहे. आणि गंमत अशी की, तिने व मी आजवर किमान तीन वेळा बाजू बदलल्या आहेत. त्यातच डोंबिवलीचा भाचा विचारतो आहे, "मामा, तुमच्याकडे घर घेऊ का?" अशा स्थितीत जे सुचेल ते आपल्यासमोर ठेवतो.

प्रथम हे शहर का जन्मले ते सांगणे अवश्य आहे. मुंबई हे दक्षिणोत्तर पसरलेले चिंचोळे बेट. कचेऱ्या दक्षिण टोकाला आणि माणसे उत्तरेला. सकाळी सारी गर्दी एका दिशेला, संध्याकाळी उलट. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकातून असा विचार मांडला की, खाडी ओलांडून पूर्वेकडील मुख्य भूमीवर जोडशहर उभारावे, म्हणजे मुंबईची वाढ दक्षिणोत्तर न होता पूर्व-पश्चिम होईल. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. तेव्हाच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांचा सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश नव्या शहरासाठी मुक्रर करण्यात आला. जमीन ताब्यात घ्यावयाची, तिच्यावर रस्ते, पाणी, गटारे करावयाची, मग ती विकून आलेल्या पैशातून पुढचा टप्पा उभारावयाचा, असे या योजनेचे अर्थशास्त्र होते.

या कल्पनेत एक मोठे गृहीत होते. राज्यशासनाने आपले मुख्य कार्यालय खाडीपलीकडे आणावे, म्हणजे बाकीच्या कचेऱ्या आपोआप मागे येतील, असे आखणी करणाऱ्यांना वाटत होते. झाले उलटेच. मंत्रालय आहे तेथेच राहिले, आणि त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून उंच इमारती उभ्या राहिल्या. बेलापूरला कोकण भवन आले, पुढे काही कार्यालयेही आली. पण आमच्या पिढीची भाकरी पलीकडच्याच काठावर राहिली. शासनाच्याच मासिकात हे छापले जाईल किंवा कसे, ते संपादक जाणोत!

त्याची किंमत कोणी मोजली ते मी घरातच पाहिले आहे. मी येथील शाळेत नोकरीला होतो, म्हणून पायी जाई. पत्नीची नोकरी फोर्टात. १९७३ साली खाडीपूल झाला होता, पण आगगाडी मानखुर्दलाच संपत असे. पहाटे उठून डबे, मग बस, मग मानखुर्दहून लोकल. पावसाळ्यात बस पुलावर थांबली की खालून भरतीचे पाणी आणि वरून पाऊस, मध्ये ही पन्नास माणसे. मे १९९२ मध्ये वाशीपर्यंत रेल्वे आली. तिच्या खर्चाचा दोन-तृतीयांश वाटा सिडकोने उचलला होता, आणि प्रवाशांकडून तिकिटावर अधिभार घेऊन तो भरून काढावयाचा अशी व्यवस्था होती. पहिल्या आठवड्यात पत्नी घरी आली तेव्हा उजेड होता. तेरा वर्षांत प्रथमच तिने आठवड्यातल्या कामाच्या दिवशी आपल्या बाल्कनीतून सूर्यास्त पाहिला. आज 'येथे राहण्याचा तोटा काय?' असे कोणी विचारले की ती एकच उत्तर देते : "तेरा वर्षांचे सूर्यास्त." मी हिशेबाला लागतो, ती लागत नाही.

आता भाच्याची परिस्थिती निराळी आहे, हे मान्य केले पाहिजे. पनवेल, ठाणे, उरण या तिन्ही दिशांना रेल्वे झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू शिवडीहून थेट न्हावा-शेव्याच्या बाजूला उतरतो. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. घाऊक बाजार मुंबईहून तुर्भे-वाशीला येऊन कितीतरी वर्षे लोटली. त्यामुळे पहाटे कांद्याच्या ट्रकांचा खडखडाट ऐकत जागे होणारी वस्तीही येथे आहे. थोडक्यात, रोजगार येथेच मिळण्याची शक्यता त्याच्या वाट्याला आमच्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे.

उघाडी

आता मला जी गोष्ट सांगावयाची आहे तिच्याकडे वळतो. येथे राहण्याचा सर्वांत मोठा गुण कोणता, असे विचारले तर लोक रुंद रस्ते सांगतात, बागा सांगतात, पाणी सांगतात. पाण्याचे खरेच आहे. खालापूरजवळचे मोरबे धरण हे आमच्या महानगरपालिकेच्या मालकीचे, आणि महानगरपालिकेने स्वतःचे धरण बाळगावे ही महाराष्ट्रात सहसा न आढळणारी गोष्ट. परंतु भूगोलाचा शिक्षक म्हणून मी पिण्याच्या पाण्यापेक्षा न पिण्याच्या पाण्याला अधिक महत्त्व देतो.

वाशीचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. खाडीला मोठी भरती असताना मुसळधार पाऊस आला तर गटारांतले पाणी खाडीत जाणारच नाही, उलट खाडी घरात येईल. म्हणून येथे धारण तलाव बांधले आहेत. तलावाच्या तोंडाशी एकाच बाजूला उघडणारी झापे असतात. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटतात. तेवढा वेळ वस्तीतले पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटी लागली की आतला दाब वाढतो, झापे उघडतात आणि तलाव खाडीत रिकामा होतो. ना माणूस, ना यंत्र. दिवसातून दोन वेळा चंद्र हे काम करतो.

१९८३ च्या सुमारास आठवीचा वर्ग घेऊन मी हा तलाव दाखवावयास गेलो होतो. हॉलंड देशातील लोक समुद्राखालची जमीन कशी राखतात, हे मी मोठ्या आवेशाने सांगत होतो. मागच्या रांगेतला, जवळच्या गावठाणातला एक आगरी मुलगा म्हणाला, "सर, ही तर उघाडी."

मी विचारले, "उघाडी म्हणजे काय?"

तो मला बांधावर घेऊन गेला. खाऱ्या पाण्यापासून भातशेती राखण्यासाठी त्याच्या आज्यापणज्यांनी मातीचा बांध घातला होता, आणि त्या बांधात लाकडी झाप बसवलेले तोंड होते. भरतीला मिटणारे, ओहोटीला उघडणारे. तीच उघाडी. बांध फुटला तर खारे पाणी शिरून शेत काही वर्षे नापीक होते, म्हणून भरतीच्या रात्री गावातली माणसे कंदील घेऊन बांधावर फिरत, असे तो सांगत होता. ज्या विद्येसाठी मी हॉलंडपर्यंत गेलो होतो ती शाळेपासून वीस मिनिटांच्या चालीवर होती. त्या दिवसापासून मी हॉलंडचा धडा शिकवताना आधी उघाडी शिकवू लागलो.

पुढच्याच वर्षी, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी, जासई आणि नवघर फाटा येथे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण मरण पावले. जमिनीचा योग्य मोबदला आणि नव्या शहरात वाटा, एवढीच त्यांची मागणी होती. त्या आंदोलनानंतर, संपादित जमिनीच्या प्रमाणात साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली. आज ती इतरत्र आदर्श म्हणून सांगितली जाते. ती कशाने आली, हे मात्र सांगणारे थोडे.

त्या आठवड्यात वर्गात सातआठ मुले नव्हती. परत आल्यावर उघाडीवाल्या मुलाने मला विचारले, "सर, तुम्ही इथं राहायला आलात तेव्हा आमाला कोनी इचारलं होतं का?" मी त्याला भूसंपादनाचा कायदा समजावून दिला. कायदा मी बरोबर सांगितला होता. परंतु त्याने विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसले आणि अजूनही दिसते.

तो आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. कुटुंब वाढले तसे त्यांनी गावठाणात मजल्यावर मजला चढवला. शासनाच्या कागदांत अशा घरांना 'गरजेपोटी बांधलेली घरे' म्हणतात. सरकारी मराठीत इतका माणुसकीचा शब्दप्रयोग मला दुसरा आढळलेला नाही. त्या घरांच्या नियमिततेचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळत आला आहे. म्हणजे पहा, मी परका येथे मालक म्हणून मिरवतो आणि मूळचा मनुष्य आपल्याच गावात घर कायदेशीर करून घेण्यासाठी खेटे घालतो. त्यातही मी तरी कसला मालक? येथील जमीन भाडेपट्ट्याची. मूळ पट्टा साठ वर्षांचा, आणि घर विकावयाचे तर हस्तांतरण शुल्क भरावे लागते. भाच्याने बँकेकडे जाण्यापूर्वी हा कागद वाचावा, असे मी त्याला बजावले आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे

पत्नीचे आक्षेप मी प्रामाणिकपणे मांडतो. हिवाळ्यात रात्री ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचा वास अजूनही कधी कधी खिडकीतून येतो. धारण तलावांत गाळ साचला आहे आणि त्यात खारफुटी वाढली आहे. उच्च न्यायालयाने खारफुटीला संरक्षण दिलेले असल्याने गाळ काढणे सोपे राहिलेले नाही. खारफुटी तोडू नये हे मला पटते, तलाव उथळ होऊ नये हेही पटते, आणि दोन्ही एकदम कसे साधावे ते अभियंत्यांनी सांगावे. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावे उठली. नेरुळच्या तलावावर गुलाबी रोहित पक्षी उतरतात तेव्हा बघ्यांची झुंबड उडते. पण त्यांच्या पाणथळ जागा किती उरतील, याची धास्ती निसर्गप्रेमींना आहे. आणि तिचा शेवटचा आक्षेप असा की, पत्त्यात गल्लीचे नाव नाही. गिरगावात प्रत्येक वाडीला नाव होते आणि नावामागे गोष्ट होती. येथे सेक्टर, भूखंड, इमारत, सारे आकडे.

या शेवटच्या आक्षेपावर मी एकदाच तिला निरुत्तर केले. रेल्वेच्या पाट्या वाच, म्हटले. सानपाडा, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, नेरुळ, खारकोपर, बामणडोंगरी. सीवूड्सचे नाव इंग्रजी खरे, पण त्याला जोडून 'दारावे' आहेच. गावे नकाशावर झाकली गेली, पण गाडीतली ध्वनिफीत दर काही मिनिटांनी त्यांची नावे घेते. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "नावे उरली खरी. पण ती घेताना कोणाला ती गावे असल्याचे कळते?"

भाच्याला घेऊन गेल्या रविवारी मी उलव्याकडे गेलो होतो. त्याने सदनिकेत चटई क्षेत्र मोजले, वाहनतळ पाहिला, नळ सोडून पाहिला. मी त्याला बाहेर नेले आणि पाऊस कोठून येतो, पाणी कोठे जाते, भरतीची रेषा कोठे आहे, ते विचारले. दलाल त्रासून घड्याळ पाहू लागला. पाणी कोठे जाते ते त्याला ठाऊक नव्हते. समोरच्या टपरीवर चहा विकणारी बाई मात्र जागच्या जागी उत्तरली. तिचे शेत तेथेच होते. भाच्याने अजून निर्णय घेतलेला नाही. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवशी तो पुन्हा येणार आहे.

आमचा निर्णय झाला आहे. संमतीपत्रावर मागील सोमवारी दोघांनी सह्या केल्या. नव्या इमारतीत कोणता मजला मागावा यावर मात्र अजून वाद आहे. मला उद्वाहन बंद पडण्याची भीती वाटते, म्हणून मी खालचा म्हणतो. ती सातव्याच्या खाली यावयास तयार नाही. तेथून तलाव दिसतो, आणि त्याच्या पलीकडे खाडीवरचा सूर्यास्त.