मेथी निवडायची कोणी?

वस्तीतल्या बैठकीत मी तरुण आयांना पालेभाजीचं महत्त्व सांगत होते. एक जण म्हणाली, "ताई, घरी पोचायला सात वाजतात. मेथी निवडू कधी? पोरं भुकेलेली, मग बिस्किटांचा पुडा फोडते." मी गप्पच झाले.

खरं तर पालेभाजीची गरज तिलाही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पण ती जेवायला बसते शेवटी. वाट्याला येते शिळी पोळी आणि तळाचा रस्सा.

आता बैठकीला मी नवऱ्यांनाही बोलावते. जुडी मध्ये ठेवते, सगळ्यांनी निवडायची. एकट्या बाईला दिलेला आहाराचा सल्ला म्हणजे तिच्यावर टाकलेलं आणखी एक काम!