आई गेलेला भीम
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



बाबासाहेबांच्या विद्वत्तेबद्दल आपण दरवर्षी ऐकतो. आज मी आई गेलेल्या भीमाबद्दल बोलणार आहे. १८९६ साली साताऱ्यात भीमाबाई वारल्या, तेव्हा भीम जेमतेम पाच वर्षांचा. आत्या मीराबाईंनी त्याला सांभाळलं. पुढे रामजींनी दुसरं लग्न केलं. आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर भीमाला बघवत नसत. बापावर अवलंबून राहायचंच नाही, मुंबईला पळून गिरणीत लागायचं, असं त्याने ठरवलं. गिरणीत! आम्हा गिरणीवाल्यांच्या अंगावर हे वाचताना काटा येतो. भाड्यासाठी तीन रात्री तो आत्याच्या कमरेची पिशवी काढायला बघत होता. चौथ्या रात्री हाती लागली. आत निघाला अर्धा आणा! बेत फसला, आणि पोरगा अभ्यासाला लागला.

आपल्या चाळीत असतं तर अशा पोराला आपण काय म्हटलं असतं? चोर, उनाड.

माझ्या शेजारचा पोरगा बाप गेल्यापासून मारामाऱ्या करतो. मीही त्याला एकदा थोबाडीत दिली, खोटं कशाला सांगू? पोर रडेल म्हणून घरात बापाचं नाव कोणी काढत नव्हतं. परवा जवळ बसवून विचारलं, "तुझे पप्पा डब्यात काय न्यायचे रे?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "भाकर आणि सुकट. माझ्यासाठी एक घास परत आणायचे."

आणि रडला. मी रडू दिलं.