पुढच्या हंगामाचा सेटर

पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या परीक्षा आटोपल्या की कॉलेजचा व्हॉलीबॉल संघ मोडतो. कुणी भांडून जात नाही, कुणाला काढत नाहीत, तरीही मोडतो. बारा जणांमधले चार-पाच एकदम कमी होतात आणि नेमके तेच, ज्यांच्यावर गेली दोन वर्षं सगळी भिस्त होती. जूनमध्ये क्रीडाशिक्षक मैदानावर येतात तेव्हा समोर असतात उरलेले सात-आठ आणि नव्याने दाखल झालेली, कुठून काय शिकून आलीत ते ठाऊक नसलेली मुलं. लोणंद, फलटण, वाई, खंडाळा या पट्ट्यातलं कुठलंही कॉलेज घ्या, दर वर्षी हेच होतं. तरी दर वर्षी आपण जूनमध्येच जागे होतो. पुढच्या हंगामाचा विचार चालू हंगामातच करायला हवा, असं माझं ठाम मत आहे. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

हा संघ का बदलतो ते आधी पाहू. पदवी पूर्ण होणं हे सर्वांत मोठं कारण, पण एकटं ते नाही. सातारा जिल्ह्यात फौजेची ओढ आहे. फौजींचं म्हणून ओळखलं जाणारं मिलिटरी अपशिंगेसारखं गाव याच जिल्ह्यातलं. अंगाने भरलेला, उडी चांगली असलेला मुलगा म्हणजे भरतीच्या मैदानावरचाही पहिला मुलगा. 2022 पासून अग्निवीर भरती सुरू झाली. तिची वयोमर्यादा साडेसतरापासून सुरू होते, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलंच निघून जातात. कुणी पोलीस भरतीच्या तयारीला लागतं. कुणाला लोणंदच्या एमआयडीसीत पाळीचं काम मिळतं आणि संध्याकाळचा सराव सुटतो. शिवाय शेती आहेच. लोणंदची बाजारपेठ कांद्याची. हळवा कांदा काढणीला येतो तो दिवाळीच्या आगेमागे, आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची धामधूमही त्याच सुमाराला असते. घरचा कांदा शेतात असताना मुलगा सरावाला आला नाही तर त्याला बोल लावणं मला तरी जमत नाही. त्याची जागा घेणारा दुसरा तयार का नव्हता, हे मात्र विचारायला हवं.

चार वर्षांच्या पदवीने यात थोडा फरक पडेल. नवं शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांमध्ये 2024 च्या जूनपासून लागू झालं. ज्या विषयाच्या चौथ्या वर्षाची सोय त्याच कॉलेजात असेल, तिथला खेळाडू एक हंगाम जास्त मिळू शकेल. आंतरविद्यापीठ स्पर्धेची वयोमर्यादा पंचवीस वर्षांची आहे, म्हणजे वयाची अडचण नाही. पण लहान गावातल्या कॉलेजात सगळ्या विषयांचं चौथं वर्ष निघेलच असं नाही, आणि त्यासाठी मुलगा साताऱ्याला गेला तर तो तिथल्या संघातून आपल्याच विरुद्ध उभा राहील. त्यामुळे त्या आशेवर संघ बांधू नये.

आता मुद्द्याचं. नवा संघ निवडताना मैदानाभोवती उभा असलेला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, यंदा स्मॅशर कोण? सहा फुटी मुलगा दिसला की सगळे खूश. स्मॅशर लागतोच, त्याबद्दल वाद नाही. पण स्मॅशर हाताला मिळेल तेवढ्याच चेंडूवर स्मॅशर असतो. तो चेंडू नेटच्या वर, नेटपासून हातभर अंतरावर, त्याच्या उडीच्या वेळेला आणून ठेवणारा सेटर नसेल तर सहा फुटांची उंची नुसती उभी राहते. माझ्या पाहण्यात गावाकडचे कॉलेज संघ हरतात ते बहुतेक वेळा दुसऱ्या स्पर्शावर. पहिला चेंडू कसाबसा उचलला जातो, दुसरा ज्याच्या जवळ पडेल तो ढकलतो आणि तिसरा नाइलाजाने पलीकडे जातो. समोरचा संघ शांतपणे तो उचलतो आणि आपल्यावर मारतो.

याचं मूळ आपल्या गावांच्या मैदानातच आहे. आपली मुलं शूटिंग बॉलवर वाढलेली. गावोगावच्या यात्रांमध्ये त्याचे सामने भरतात आणि त्या सामन्यांना होणारी गर्दी पाहावी! तो खेळ मुलांना खूप देतो. दंडात ताकद, अंगावर येणाऱ्या चेंडूची भीती जाणं, शेवटच्या गुणापर्यंत झुंजायची रग, हे सगळं तिथून येतं. पण तिथे चेंडू मुठीने मारायचा असतो, बोटांवर घेऊन अलगद चढवायचा नसतो. तिथे ज्याची जागा जी ती. व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस आपल्याकडे आली की सहाही जण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक जागा सरकतात. आज चार नंबरवरून मारणारा थोड्या वेळाने मागे उभा राहून सर्व्हिस झेलतो. शूटिंगवरून आलेल्या मुलाला हे फिरणं पटकन पचत नाही आणि बोटांचा स्पर्श तर महिन्या-दोन महिन्यांत येतच नाही. स्मॅशर एका हंगामात घडवता येतो. सेटरला दोन हंगाम लागतात. म्हणून जून महिन्यात सेटर शोधणाऱ्या संघाचा तो हंगाम निम्मा गेलेला असतो.

यावर माझी सूचना अशी आहे. जुना सेटर शेवटच्या वर्षात आला की त्याच हंगामात नव्याला त्याच्याबरोबर मैदानात उतरवा. खेळाडूंना चार-दोनची रचना माहीत असते. चार मारणारे, दोन सेटर, आणि ते दोन सेटर एकमेकांच्या कर्णावर उभे. एक पुढच्या रांगेत असेल तेव्हा दुसरा मागे. पुढचा सेट करतो. या रचनेत एका वेळी पुढून मारणारे दोघेच मिळतात, ही तिची उणीव. पाच मारणारे आणि एकच सेटर अशा पाच-एकमध्ये सेटर मागच्या रांगेत असताना पुढे तिघे मारणारे असतात, म्हणून मोठे संघ पाच-एक खेळतात. आपल्यालाही अखेर तिथेच पोचायचं आहे. पण ज्या वर्षी सेटर जाणार आहे त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आपल्या विभागाच्या सुरुवातीच्या सामन्यांत, मैत्रीच्या सामन्यांत चार-दोन खेळा. चार-सहा गुण कमी पडतील, एखादा सेट जाईल. जाऊ द्या. पहिल्या वर्षाच्या त्या मुलाला प्रत्येक सेटमधल्या निम्म्या फेऱ्या खऱ्या सामन्यात, खऱ्या दडपणाखाली सेट करायला मिळतील आणि कर्णावर उभा असलेला जुना सेटर त्याला तिथल्या तिथे सांगेल की चेंडू नेटला चिकटतोय, जरा मागे ठेव. हे शिक्षण सरावात मिळत नाही. कांद्याचं रोप आधी वाफ्यात वाढवतात आणि मग शेतात लावतात, हे लोणंदच्या माणसाला मी सांगायला नको. सेटरचंही तसंच आहे.

तो वाफा आपल्याकडे आहे. बहुतेक कॉलेजांना जोडून अकरावी-बारावीचे वर्ग असतात. ती मुलं शालेय स्पर्धांच्या एकोणीस वर्षांखालील गटात खेळतात, विद्यापीठाच्या स्पर्धेत त्यांना उतरता येत नाही. म्हणून त्यांचा सरावही वेगळा, वेळही वेगळी, आणि पुष्कळदा तर ती मुलं वरच्या संघाला ओळखतही नाहीत. मैदान एकच, नेट एकच. मग आठवड्यातून दोन संध्याकाळी सरावही एकत्र का होऊ नये? अकरावीतला सव्वापाच फुटी मुलगा, ज्याला उंचीमुळे कुणी विचारत नाही, त्याची बोटं बघा. पुढचा सेटर तिथे सापडतो.

उंचीवरून आठवलं, लिबेरोची जागा. हा नियम 1998 मध्ये आला. वेगळ्या रंगाची जर्सी घातलेला हा खेळाडू मागच्या रांगेत कुणाच्याही जागी येतो, सर्व्हिस आणि स्मॅश उचलतो. त्याला ब्लॉक करता येत नाही आणि नेटच्या उंचीवरचा चेंडू मारताही येत नाही. बुटक्या, चपळ, जमिनीवर लोळण घ्यायला न घाबरणाऱ्या मुलासाठीच जणू ही जागा केली आहे. आणि असा मुलगा आपल्याकडे कबड्डी-खोखोच्या मैदानावर पाहिजे तितका आहे. तरीही अनेक संघ लिबेरो म्हणून उरलेल्यांतला एखादा उभा करतात. संघातल्या बदलांचा विचार करताना माझ्या यादीत सेटरनंतर लिबेरो येतो आणि स्मॅशर त्यानंतर.

सर्व्हिसकडेही नीट पाहायला हवं, आणि याला कारण गुणांची पद्धत. पूर्वी ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळायचा आणि सेट पंधराचा असायचा. सर्व्हिस नेटमध्ये गेली तर नुसती सर्व्हिस जायची, गुण जायचा नाही. आता प्रत्येक चेंडूवर गुण आहे, सेट पंचवीसचा, पाचवा सेट झालाच तर पंधराचा. म्हणजे एका सेटमध्ये आपण पाच सर्व्हिस वाया घालवल्या, तर समोरच्या संघाला कमवायला वीसच गुण उरतात. आणि पाच सर्व्हिस वाया जाणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे. जोरात मारली, बाहेर गेली, टाळ्या तरी मिळाल्या, ही वृत्ती सोडायला हवी.

इथे लोणंदच्या हवेचा एक फायदा सांगतो. सह्याद्रीच्या आडोशाला असल्याने आपल्याकडे पाऊस कमी. शेतीला तो शाप आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये महाबळेश्वर-पाटणकडे मैदानावर पाऊल ठेवता येत नाही तेव्हा आपल्याकडे मुरमाच्या मैदानावर पाणी मारून, रोलर फिरवून, फक्की मारून सराव करता येतो. आषाढातला वाराही इथे सणसणीत. त्या वाऱ्यात तरंगती सर्व्हिस उचलायला शिकलेला मुलगा बंदिस्त हॉलमध्ये डगमगणार नाही. माउलींची पालखी लोणंदहून तरडगावकडे निघाली की कॉलेजं गजबजतात. त्या दिवसापासून स्पर्धेपर्यंत बरेच दिवस हातात असतात. मोठ्या शहरातल्या कॉलेजांकडे हॉल आहेत, वसतिगृहं आहेत, निवडीला मुलं जास्त आहेत. आपल्याकडे हे दिवस आहेत.

लहान गावाला या खेळात वरपर्यंत जाता येतं याचा दाखला केरळमध्ये आहे. कण्णूर जिल्ह्यातलं पेरावूर हे गाव. तिथल्या जॉर्ज कुटुंबातले आठ भाऊ व्हॉलीबॉल खेळायचे, वडिलांनीच त्यांना शिकवलं. त्यांतला जिमी जॉर्ज विद्यापीठाच्या संघातून भारतीय संघात गेला, इटलीतल्या क्लबांकडून खेळला आणि 1986 च्या सोल आशियाई स्पर्धेत ज्या भारतीय संघाने जपानला हरवून कांस्यपदक घेतलं त्यात तो होता. पुढच्याच वर्षी इटलीत मोटार अपघातात तो गेला, वय जेमतेम बत्तीस. त्याआधी भारताने 1958 मध्ये कांस्य आणि 1962 मध्ये रौप्य मिळवलं होतं. 1986 नंतर पुरुषांच्या संघाला आशियाई पदक नाही. पण 2023 मध्ये हांगझाऊला आपल्या संघाने दक्षिण कोरियाला पाच सेटमध्ये हरवलं, चायनीज तैपेईला हरवलं आणि सहावा क्रमांक मिळवला. 2022 पासून प्राइम व्हॉलीबॉल लीग सुरू आहे, तिचे सामने आपली मुलं मोबाइलवर पाहतात. पाहावेत, पण चेंडू मारणाऱ्याकडे न पाहता सेटरच्या पायांकडे पाहावं. तो चेंडू येण्याआधी कुठे पोचलेला असतो ते पाहावं.

मुलींच्या संघाबद्दल न बोलता मी थांबणार नाही. मुलांच्या संघातली बहुतेक माणसं तिसऱ्या वर्षानंतर जातात, मुलींच्या संघातली दुसऱ्या वर्षातच जातात. लग्न ठरतं, किंवा संध्याकाळची एसटी चुकेल म्हणून घरून सराव बंद होतो. अंदोरी, तरडगाव, सालपे अशा गावांहून येणाऱ्या मुलीने साडेसहाला मैदानावरून निघून घरी कसं पोचायचं, याचं उत्तर कॉलेजने द्यायला हवं, मुलीने नव्हे. सकाळचा पहिला तास सुरू होण्याआधी सराव ठेवा. नेट दोन मीटर चोवीस सेंटिमीटरवर आणायला पाच मिनिटं लागतात. मुलींच्या बोटांचा स्पर्श शूटिंगच्या मुठींनी कठीण झालेला नसतो, त्यामुळे चांगली सेटर मुलींत लवकर घडते. त्यांचा संघ तीन वर्षं टिकला, तर विभागातून पुढे जाण्याची त्यांची संधी मला मुलांपेक्षा जास्त वाटते.

आणि मुलांची? कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांतून शिवाजी विद्यापीठाचा संघ निवडला जातो, आणि तो पश्चिम विभागात गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशच्या विद्यापीठांशी खेळतो. त्या संघात आपल्या पट्ट्यातला एखादा मुलगा नियमाने दिसावा, एवढी आपली ताकद नक्की आहे. कॉलेजचा सगळा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतला आपला विभाग जिंकेल असं मी पुढच्या हंगामाबद्दल म्हणणार नाही. सेटर आज निवडला तर त्यापुढच्या हंगामाबद्दल म्हणेन.

क्रीडाशिक्षकांना विनंती आहे, की सुट्टी लागली म्हणून नेट उतरवून खोलीत टाकू नका. जे खेळाडू यंदा पदवी घेऊन बाहेर पडले, नोकरीला लागले, त्यांनी रविवारी दोन तास मैदानावर यावं, विशेषतः सेटरनी. आणि पालकहो, तुमचा मुलगा किंवा मुलगी संघात नवी असेल, बाकावर बसत असेल, तर यंदाच सरावाला पाठवा. पुढच्या वर्षी संघातली जागा त्यांची आहे.