मूठभर माणसांनीं खेळ कोणता निवडावा?

व्हिडिओ गेम रचणाऱ्या बड्या कंपनीचा एखादा खेळ बुडाला, तर दुसरा तिला तारून नेतो. मूठभर माणसांच्या कंपनीचें तसें नाहीं. तिचा एक खेळ म्हणजे आयुष्याचीं दोनतीन वर्षें आणि बहुधा जवळची सारी पुंजी. कोणता खेळ हातीं घ्यावा हा तिच्यापुढें पोटाचाच प्रश्न असतो.

याचें एक बोलकें उदाहरण आपल्या पुण्यांत घडलें. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड या तिघांनीं 2017 सालीं 'नॉडिंग हेड्स गेम्स' ही कंपनी काढली. परक्या कंपन्यांच्या खेळांसाठीं मोबदला घेऊन चित्रें काढून देणें, हा आपल्याकडील अशा मंडळींचा निर्धोक मार्ग. फोनवर फुकट मिळणारे खेळ काढणें हा दुसरा. पण तेथें गर्दी इतकी कीं नवख्याचें नांवहि कोणाच्या कानीं जात नाहीं. या तिघांनीं निवडला 'राजी' हा खेळ. जत्रेंत कसरती करणारी एक मुलगी, असुरांनीं पळविलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, आणि त्याच्या शोधांत तिला साह्य करणारी दुर्गा, अशी ती कथा. ग्रीक दैवतांवर खेळ पुष्कळ झाले होते. आपल्या पुराणांतून निघालेले, जगाच्या बाजारांत मांडलेले असे मात्र विरळाच. जागा मोकळी होती.

मोकळी जागा दिसली म्हणजे ती आपल्याच्यानें भरवेल असें नव्हे, आणि येथें मला त्यांचें चातुर्य दिसतें. कथेचे दुवे त्यांनीं छायाबाहुल्यांतून सांगितले. बोलणारे, रडणारे चेहरे हुबेहूब हालवावयाचे तर चित्रकारांचा तांडा लागतो. छायाबाहुलीला तो लागत नाहीं, शिवाय ती आपल्याच मातीची!

पैशाची गोष्ट अधिक कठीण. त्याच वर्षीं त्यांनीं 'किकस्टार्टर'वर लोकांकडे वर्गणी मागितली. ठरविलेला आंकडा गांठला नाहीं, तर तेथें एक पैहि हातीं पडत नाहीं. आणि तो गांठला गेला नाहीं. बाजारानें कौल दिला, आतां सोडा, असें कोणीहि शहाणा म्हणाला असता. त्यांनीं सोडलें नाहीं. पुढें 'सुपर डॉट कॉम' हा प्रकाशक मिळाला आणि 18 ऑगस्ट 2020 रोजीं 'राजी' प्रथम निन्टेंडो स्विच या यंत्रावर प्रसिद्ध झाला. 'द गेम अवॉर्ड्स'मध्यें पदार्पणाच्या खेळांत त्यास नामांकन मिळालें. पारितोषिक दुसऱ्याकडे गेलें. खेळ लहान व शेवट अकस्मात् तुटलेला, हा टीकाकारांचा आक्षेप मला रास्त वाटतो. तथापि मोठा बेत आंखून वाटेंतच दिवाळें काढणाऱ्यांचे खेळ टीका होण्यापुरतेहि उरत नाहींत.

मी जव्हार-मोखाड्याकडचा जुना मास्तर. आमच्याकडील मुलेंहि आतां शहरांत जाऊन संगणक शिकूं लागलीं आहेत, म्हणून हें सांगतों. रात्रीं वाद्यांच्या तालावर देवदैत्यांचे मुखवटे नाचविणारा आमचा बोहाडा, हीहि अशीच मोकळी जागा आहे. परंतु सारा बोहाडा खेळांत उतरवूं म्हणणाऱ्यास मी नको म्हणेन. आधीं गांवांतील सोंगें नाचविणाऱ्यांची संमति घ्यावी. मग एकच सोंग, समजा महिषासुराचें, दोनतीन महिन्यांत खेळण्याजोगें करावें आणि बोहाडा कधींहि न पाहिलेल्या मुंबईच्या मुलांच्या हातीं द्यावें. त्यांनीं स्तुति केली तर ती मनावर घेऊं नये. पुन्हां खेळूं द्या म्हणून तीं हटून बसलीं, तर दुसऱ्या सोंगाचा खर्च मांडावयास हरकत नाहीं.